कच्चे मडके, पक्के मडके : कवितेच्या रसग्रहणाचा एक पाठ

आपल्या जिल्ह्यातील तेरणेकाठचे तेर हे गाव प्राचीन काळी तगर या नावाने व्यापाराची मोठी पेठ होते. पुढे ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांच्या ओठी राहिले. गोरोबाकाका व्यवसायाने कुंभार. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी एक कथा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. काकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने त्यांना विचारले, "यातले पक्के मडके कोणते आणि कच्चे कोणते, हे आपण सांगाल का?" काकांनी मडकी घडवण्याचे थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर मारून पाहण्यास आरंभ केला. बाकीचे शांत बसून राहिले. नामदेवांना मात्र राग आला, आणि काकांनी ते मडके अद्याप कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. कथा येथे थांबत नाही. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, शिकले आणि पक्के झाले. म्हणजे कच्चेपणा हा कलंक मानलेला नाही. ती भट्टीपूर्वीची अवस्था आहे.

शाळेत मराठी विषय शिकवताना ही कथा मी अनेक वर्षे पहिल्याच तासाला सांगत आलो. कारण कविता वाचणाऱ्याच्या हातीही असे एक थापटणे असावे लागते. मडके नुसते पाहून पक्के की कच्चे हे कळत नाही. त्यावर टिचकी मारून आवाज ऐकावा लागतो. कवितेचेही तसेच आहे. यमक, उपमा, रूपक, प्रतिमा, व्यंजना या ज्या संज्ञा आपण परीक्षेपुरत्या पाठ केल्या आणि पुढे विसरलो, त्या म्हणजेच कवितेचा आवाज ऐकण्याची साधने. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि स्नेहीजन यांच्यासमोर तोच जुना तास पुन्हा एकदा मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

संज्ञा कशासाठी?

दहावीच्या परीक्षेत रसग्रहणाचा प्रश्न असतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन अंगांनी उत्तर लिहावे, अशी अपेक्षा असते. अपेक्षा योग्यच आहे. परंतु उत्तरपत्रिका तपासताना असे आढळते की, निम्म्याहून अधिक मुले एकच वाक्य लिहितात : "कवीने अतिशय सुंदर व समर्पक शब्दांत आपल्या भावना व्यक्त केल्या आहेत." हे वाक्य कोणत्याही कवितेखाली लिहिता येते, म्हणून ते कोणत्याच कवितेविषयी काही सांगत नाही. कोणते शब्द? का समर्पक? त्याऐवजी दुसरे घातले असते तर काय बिघडले असते? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी संज्ञा लागतात.

आपल्यासारख्या घरांतून आलेल्या मुलांच्या बाबतीत या गोष्टीला आणखी एक महत्त्व आहे. ज्याला वस्तूची पारख स्वतः करता येत नाही, त्याला दुसऱ्याचा निर्णय मुकाट्याने मान्य करावा लागतो. अमुक कविता थोर, अमुक गाणे गावंढळ, अमुक ओवी ही केवळ बायकांची करमणूक, असे कोणी सांगितले की तो मान डोलावतो. आपल्या आजीच्या तोंडच्या शब्दांचे मोल तिच्या नातवालाच कळू नये, ही हानी परीक्षेतील चार गुणांहून पुष्कळ मोठी आहे. म्हणून हा पाठ.

नमुन्याचे एक कडवे

विवेचनासाठी एखादे कडवे समोर असावे. वर्गात वापरण्यासाठी मी स्वतःच एक साधे कडवे जुळवले होते. त्याला थोर कविता म्हणण्याचा दावा नाही. नांगराची ओळख करून देण्यासाठी लाकडी खेळणे दाखवावे, इतकाच त्याचा उपयोग.

आटली विहीर । कोरडा पोहरा ।
मायेचा हा झरा । आटेचिना ॥

दुष्काळाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही. आता यावर एकेक संज्ञा टिचकीसारखी मारून पाहू.

रूप : अभंग, ओवी, वृत्त, मुक्तछंद

पहिला प्रश्न रूपाचा. प्रत्येक चरणातील अक्षरे मोजा. जोडाक्षर एकच धरायचे. आ-ट-ली-वि-ही-र, सहा; को-र-डा-पो-ह-रा, सहा; मा-ये-चा-हा-झ-रा, सहा; आ-टे-चि-ना, चार. सहा, सहा, सहा, चार, असा हा बावीस अक्षरांचा साचा म्हणजे मोठा अभंग. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. लहान अभंगात साधारणतः आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण असतात आणि त्यांच्या शेवटी यमक येते. त्याचाही असाच घरगुती नमुना :

दिवा मंद मंद जळे । माय पहाटेला दळे ॥

मोठ्या अभंगाचा चौथा चरण आखूड का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. तीन चरण सारख्या पावलांनी चालत येतात आणि चौथा अवचित थांबतो. कान आणखी दोन अक्षरांची वाट पाहत राहतो. त्या शांततेत शेवटच्या शब्दाचे वजन वाढते. आपल्या नमुन्यात ते वजन 'आटेचिना' या शब्दावर येते, आणि कडव्याचे सारे म्हणणे त्याच एका शब्दात आहे. रूप हे भांडे आहे असे आपण सहज म्हणतो. परंतु पाण्याला भांड्याचा आकार मिळतो, तसा अर्थालाही रूपाचा आकार मिळतो.

ओवी अभंगाहून जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. या राजाची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण; आपल्या उमरग्याहून ते फार दूर नाही. पुढे ज्ञानदेवांनी याच ओवीत ग्रंथरचना केली. ग्रंथातील ओवीचे चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक येते आणि चौथा बहुधा लहान व मोकळा असतो. जात्यावरची ओवी याहून सैल. तिची अक्षरे मोजून बसवलेली नसतात. जात्याच्या फेऱ्याबरोबर स्वर लांबवून किंवा आखडून ती बसवली जाते.

तिसरा प्रकार अक्षरगणवृत्ताचा. येथे अक्षरांची संख्या तर ठरलेली असतेच, शिवाय त्यांचा लघू-गुरू क्रमही ठरलेला असतो. तीन-तीन अक्षरांचे आठ गण आहेत, आणि 'यमाताराजभानसलगा' या एका सूत्रात ते सारे साठवलेले आहेत. ज्या गणाचा क्रम हवा त्याचे अक्षर धरून पुढची दोन अक्षरे घ्यावीत. 'यमाता' म्हणजे लघू, गुरू, गुरू. हा य गण. असे चार य गण एका ओळीत आले की भुजंगप्रयात वृत्त होते. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. माझ्या वर्गातील उदाहरण असे असे :

पहाटे निघाली मुले पाठशाळे

प-हा-टे, नि-घा-ली, मु-ले-पा, ठ-शा-ळे. बारा अक्षरे, चार य गण. ओळ मोठ्याने म्हणा, म्हणजे पावलांची एकसारखी लय ऐकू येईल. मात्रावृत्तात अक्षरांऐवजी मात्रा मोजतात. लघूची एक, गुरूच्या दोन.

आणि मुक्तछंद? 'मुक्त' या शब्दावरून अनेकांची अशी समजूत होते की त्यात काही नियमच नाहीत. मराठीत मुक्तछंदाचा पाया घालणाऱ्या कवी अनिलांपासून पुढच्या कवींपर्यंत कोणाचीही उत्तम कविता मोठ्याने वाचावी. तिला लय असते. फक्त ती बाहेरून आणलेली नसते, बोलण्याच्या ओघातून आणि श्वासाच्या लांबीतून आलेली असते. नारायण सुर्वे यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह १९६६ साली आणि नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ साली प्रसिद्ध झाला. गिरणगावातले बोलणे आणि कामाठीपुऱ्याच्या परिसरातले बोलणे कवितेत आले, तेव्हा त्या बोलण्याची लयही कवितेत आली. ती मोजण्याची फूटपट्टी जुन्या वृत्तशास्त्रात नव्हती. याचा अर्थ एवढाच की मापे अपुरी पडली. कविता अपुरी नव्हती. संज्ञा वापरताना ही गोष्ट नेहमी ध्यानात ठेवावी.

नाद : यमक आणि अनुप्रास

यमक म्हणजे शेवट जुळणे, इतकेच आपण शिकतो. या शब्दाचा मूळ अर्थ 'जोडी' असा आहे. आपल्या वसतिगृहात ज्यांनी धम्मपद ऐकले आहे, त्यांना त्यातील २६ वग्गांपैकी पहिल्याचे नाव आठवेल : यमकवग्ग. तेथे यमक म्हणजे शेवटचा सारखा उच्चार नव्हे, तर गाथांची जोडी. एका गाथेत जे सांगितले त्याची दुसरी बाजू लगेच पुढच्या गाथेत येते. पहिल्या जोडीतील दोन उपमा पाहण्यासारख्या आहेत. वाईट मनाच्या मागोमाग येणाऱ्या दुःखाला बैलाच्या पावलामागून फिरणाऱ्या चाकाची उपमा आहे; चांगल्या मनाच्या मागोमाग येणाऱ्या सुखाला सावलीची. दोन्ही गोष्टी मागोमागच येतात, परंतु एक जड आहे, कुरकुरते, ओढावी लागते. दुसरीला काही वजनच नाही. फरक शब्दांत समजावून न सांगता केवळ उपमान बदलून सांगितलेला आहे. याला कवित्व म्हणतात.

जोडीचा हा अर्थ ध्यानात घेतला की आपल्याकडील यमकाचेही खरे काम कळते. यमक दोन शब्दांना शेजारी बसवते आणि त्यांची तुलना करायला लावते. आपल्या नमुन्यात 'पोहरा' आणि 'झरा' यांची जोडी आहे. एक रिकामा, दुसरा वाहता. उच्चाराने जुळणारे हे शब्द अर्थाने एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि म्हणूनच ते यमक सार्थ आहे. 'आई' आणि 'बाई' असे केवळ कानाला जुळणारे यमक कोणालाही साधते. यमकाची परीक्षा करताना विचारावे : ही जोडी एकत्र आल्याने मला काही नवे कळले का?

अनुप्रास म्हणजे एकाच अक्षराची पुनरावृत्ती. 'दिवा मंद मंद जळे' यात म आणि द यांची पुनरावृत्ती ज्योतीच्या हलण्यासारखी वाटते. नमुन्याच्या कडव्यात 'आटली' ने आरंभ होतो आणि 'आटेचिना' ने शेवट. आटण्यापासून निघालेले कडवे न आटण्यापाशी पोहोचते. गीतप्रकारात हेच काम धृपद करते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवीच्या गीतात धृपद पुन्हा पुन्हा येते, ते केवळ श्रोत्यांनी साथ द्यावी म्हणून नव्हे; प्रत्येक अंतऱ्यानंतर तीच ओळ थोड्या निराळ्या अर्थाने ऐकू यावी, हाही हेतू त्यामागे असतो.

अलंकार : एका हाताची सात रूपे

अलंकारांची नावे मुलांना पाठ असतात. त्यांतील फरक मात्र घोटाळ्याचे ठरतात. यावर उपाय म्हणजे एकच विषय घेऊन अलंकार बदलत जाणे. आपण आईचे हात घेऊ.

उपमा : आईचे हात जात्यासारखे खरखरीत आहेत. येथे हात हे उपमेय, जाते हे उपमान, खरखरीतपणा हे साधर्म्य आणि 'सारखे' हा साम्यवाचक शब्द.

उत्प्रेक्षा : आईचे हात म्हणजे जणू जातेच. साम्य आता कल्पनेच्या उंबरठ्यावर आले.

रूपक : आईच्या हातांचे जाते रात्रंदिवस फिरते. हात आणि जाते एकरूप झाले.

अपन्हुती : हे हात नव्हेत, हे तर जाते. उपमेयाला नाकारून उपमानाची स्थापना झाली.

व्यतिरेक : जाते झिजले, आईचे हात झिजले नाहीत. उपमेय उपमानाहून श्रेष्ठ ठरले.

अनन्वय : आईचे हात आईच्या हातांसारखेच. उपमान शोधणेच सोडून दिले.

चेतनगुणोक्ती : पहाटे जाते कण्हत उठले. निर्जीव वस्तूला सजीवाचे गुण दिले.

सात वाक्यांत वस्तू त्याच आहेत, परंतु बोलणाऱ्याचे मन निराळे आहे. उपमा देणारा दोन पावले दूर उभा राहून तुलना करतो. रूपक करणाऱ्याला दोन वस्तू वेगळ्या दिसतच नाहीत. व्यतिरेक करणाऱ्याच्या मनात अभिमान आहे, तर अनन्वयाशी येणारा शब्द हरल्याची कबुली देतो. म्हणून रसग्रहणात "येथे व्यतिरेक अलंकार आहे" एवढे लिहून थांबू नये. त्या जागी उपमा आली असती तर काय उणे पडले असते, हे लिहावे.

आता आपल्या कडव्याकडे वळू. 'मायेचा झरा' हे रूपक आहे. विहीर आटली तरी माया आटत नाही, या म्हणण्यात व्यतिरेक आहे. येथे 'झरा' काढून 'मायेचा सागर' असे घातले तर? अक्षरे सहाच भरतील. परंतु यमक तुटेल आणि त्याहून मोठे नुकसान असे की, चित्र मोडेल. झरा हा विहिरीच्या तळाशी असतो. विहिरीला जिवंत ठेवणारा तोच. सागराचा आणि या विहिरीचा काही संबंध नाही. चांगली प्रतिमा आपल्या शेजारच्या प्रतिमेशी नाते राखून असते. शब्द बदलून पाहणे हे रसग्रहणातील सर्वांत उपयुक्त थापटणे आहे, असा माझा अनुभव आहे.

शब्दशक्ती : सांगितलेले आणि न सांगितलेले

शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत. अभिधा म्हणजे सरळ अर्थ : 'विहीर' म्हणजे विहीर. लक्षणा म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही म्हणून त्याच्याशी संबंधित असा घेतलेला अर्थ : "सारे तेर पंढरीला निघाले" यात गाव निघत नाही, गावातील माणसे निघतात. व्यंजना म्हणजे सरळ अर्थ कायम राहून त्यामागून उमटणारा दुसरा अर्थ. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या ग्रंथात यालाच ध्वनी म्हटले आणि तो काव्याचा आत्मा मानला.

व्यंजना पाहण्यासाठी जात्यावरच्या ओवीच्या धर्तीवर जुळवलेल्या या दोन ओळी घेऊ :

जातं ओढिते एकली, हात आले गं भरून
लेक शाळेला निघाली, पाहे मागं गं वळून

'हात भरून येणे' म्हणजे हात दुखणे, अवघडणे. हा सरळ अर्थ. परंतु मराठी माणसाच्या कानात 'भरून येणे' या शब्दांबरोबर ऊर आणि डोळे यांची आठवण लागलेली असते. दुसऱ्या ओळीत लेक वळून पाहते आणि पहिल्या ओळीतील हातांचे दुखणे काळजाचे होते. आईने रडल्याचा एकही शब्द उच्चारला नाही. न सांगता सांगितले, ही व्यंजना.

श्लेष हा तिचा थोडा खेळकर भाऊ. "आमच्या विहिरींना पाणी नाही, माणसांना मात्र आहे." येथे 'पाणी' हा शब्द एकदाच आला, परंतु जल आणि तेज असे दोन्ही अर्थ देऊन गेला.

प्रतिमा आणि प्रतीक : एका आजीने शिकवलेला धडा

प्रतिमा म्हणजे इंद्रियांना जाणवणारे शब्दचित्र. कोरडा पोहरा डोळ्यांना दिसतो, विहिरीच्या काठावर आपटलेला त्याचा पोकळ आवाजही ऐकू येतो. हीच प्रतिमा एखाद्या समाजाच्या अनुभवात पुन्हा पुन्हा येऊ लागली आणि स्वतःहून मोठा अर्थ वाहू लागली, की तिला आपण प्रतीक म्हणतो. प्रतीकाचा अर्थ शब्दकोशात मिळत नाही. तो माणसांच्या इतिहासात मिळतो.

हे मला एका आजीने शिकवले. पालक मेळाव्याच्या दिवशी वर्ग उघडाच होता आणि फळ्यावर वरील कडवे लिहिलेले होते. नातवाला भेटायला आलेल्या एका वृद्ध आजींनी ते त्याच्याकडून वाचून घेतले. मी जवळ गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमची इहीर आटली म्हणून पोहरा कोरडा. आमचा पोहरा तर इहीर तुडुंब असतानाबी कोरडाच व्हता."

मी निरुत्तर झालो. ज्यांना विहिरीत पोहरा सोडण्याची मुभा नव्हती, वरून कोणी पाणी वाढेल म्हणून ज्या घागर घेऊन तासन् तास उभ्या राहिल्या, त्यांच्या कानांना 'विहीर' हा शब्द निराळाच ऐकू येणार. मी दुष्काळ लिहिला होता. त्यांनी त्यात अस्पृश्यता वाचली. आणि त्यांचे वाचन माझ्या लेखनाहून खोल होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, त्या दिवसापासून मराठी कवितेत पाणी हा शब्द पूर्वीसारखा राहिलेला नाही. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही, त्याला पाणी ही प्रतिमा दिसेल. प्रतीक दिसणार नाही.

त्या आजींना लक्षणा-व्यंजना या संज्ञा ठाऊक नव्हत्या. परंतु त्यांनी जे केले ते उत्तम रसग्रहण होते. शब्दाला त्यांनी स्वतःच्या आयुष्यावर वाजवून पाहिले. संज्ञा शिकलेला नातू आणि आयुष्य जगलेली आजी एका फळ्यासमोर उभी राहिली, तेव्हाच तो पाठ पूर्ण झाला, असे मला वाटते.

रस : आनंद आणि अस्वस्थता

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स आणि अद्भुत असे आठ रस सांगितले आहेत. शांत हा नववा रस पुढे मान्य झाला. प्रत्येक रसाच्या मुळाशी एक स्थायी भाव असतो. करुणाच्या मुळाशी शोक, वीराच्या मुळाशी उत्साह, रौद्राच्या मुळाशी क्रोध. आपल्या कडव्याचा रस कोणता? पहिल्या दोन चरणांत करुणाची छाया आहे. शेवटच्या दोन चरणांत ती वात्सल्याकडे वळते.

परंतु आजींच्या वाचनानंतर उरलेल्या भावनेला काय नाव द्यावे? तिच्यात शोक आहे, क्रोध आहे, आणि या दोहोंपलीकडचा जाबही आहे. दलित साहित्याच्या समीक्षेने हाच प्रश्न उपस्थित केला. वेदनेचे आणि नकाराचे साहित्य केवळ वाचकाला होणाऱ्या आनंदाच्या मापाने मोजता येईल का? शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या ग्रंथाचा हाच गाभा आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, ज्या मिलिंद महाविद्यालयाची स्थापना बाबासाहेबांनी १९५० साली केली, त्याच्या परिसराने आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने हा विचार मराठवाड्यात रुजवला. मला यातून असा बोध झाला की, रसग्रहणात "कविता आवडली का?" या प्रश्नाच्या बरोबरीने "कवितेने स्वस्थ बसू दिले का?" हाही प्रश्न विचारला पाहिजे.

रसग्रहणाचा क्रम

वरील सर्व विवेचन विद्यार्थ्यांना आणि घरी त्यांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांना वापरता यावे, म्हणून क्रम थोडक्यात देतो.

१. कविता प्रथम मोठ्याने वाचावी, दोनदा. पहिल्या वाचनात अर्थाकडे लक्ष देऊ नये. कोठे थांबावेसे वाटले तेवढे पाहावे.

२. अडलेल्या शब्दांचा अर्थ पाहावा. बोलीतला शब्द असेल तर कोशाआधी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे.

३. कवितेत कोण बोलत आहे आणि कोणाशी, हे ठरवावे. कवितेतील 'मी' म्हणजे कवीच असतो असे नाही.

४. रूप ओळखावे. अक्षरे मोजावीत, यमक कोठे आहे ते पाहावे, नसेल तर लय कशाने साधली ते शोधावे.

५. एक अलंकार आणि एक प्रतिमा निवडावी. दहा नावे लिहिण्यापेक्षा एकाचे काम समजावून सांगावे. तो शब्द बदलून पाहावा.

६. न सांगितलेले काय आहे, ते एका वाक्यात लिहावे.

७. शेवटी स्वतःचे मत द्यावे आणि त्याचे कारण कवितेतील शब्दानेच द्यावे.

या सात पायऱ्यांवरून गेलेल्या मुलाला "सुंदर व समर्पक शब्द" हे वाक्य लिहिण्याची गरज राहत नाही. त्याच्याजवळ सांगण्यासारखे दुसरे पुष्कळ असते.

समारोप आणि एक विनंती

जानेवारी २०२० मध्ये आपल्या शहरात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्या वेळी अनेक पालकांनी म्हटले होते, "एवढे मोठे साहित्य आपल्या दारी आले." भावना खरी आहे. परंतु साहित्य आपल्या दारी प्रथमच आले, असे मात्र नव्हे. ते घरातच होते, जात्यापाशी बसलेले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या त्यांना आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातही मिळाल्या. त्या ओव्या रचणाऱ्या बहुतेक स्त्रियांना अक्षरओळख नव्हती. उपमा, रूपक, व्यंजना यांची नावे त्यांनी कधी ऐकली नव्हती; वापर मात्र रोजचा होता.

जाती आता माळ्यावर गेली. ज्यांच्या तोंडी त्या ओव्या आहेत त्या आजी वयोवृद्ध झाल्या. माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आजीजवळ, आईजवळ, शेजारच्या मावशीजवळ तासभर बसा. एक ओवी लिहून घ्या; जशी उच्चारली तशी, एकही शब्द शुद्ध न करता. मग वरील सात पायऱ्यांनी तिचे रसग्रहण करा आणि ते तिलाच वाचून दाखवा. ती हसेल, किंवा एखाद्या ठिकाणी "तसं न्हाई रं बाबा" म्हणून तुम्हाला थांबवेल. थांबवले तर राग मानू नका. ते गोरोबाकाकांचे थापटणे आहे. मडके पक्के होण्याची तीच वेळ असते.